मागच्या बाकावरच्या मुलासाठी काम: सीमाभागातील हायस्कूलमध्ये सहशालेय उपक्रम कसे चालवावेत

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये शिकवताना एक गोष्ट मला वर्षानुवर्षे दिसत आली आहे. ज्या मुलाकडे शाळेतले एखादे ठरावीक काम असते आणि ते काम त्याच्यावाचून अडते, तो मुलगा सहसा शाळा बुडवत नाही. घंटा देणारा, लेझीमच्या कपाटाची चावी सांभाळणारा, फळ्यावर रोजचे पावसाचे आकडे लिहिणारा असा कोणीही घ्यावा, तो पावसातही येतो. त्याच वर्गात गुणी, पण कसलीच जबाबदारी नसलेला दुसरा मुलगा आठवड्यातून एक दिवस हमखास घरी राहतो. सहशालेय उपक्रमांचा विचार आपण बहुधा बक्षिसे, ढाली आणि स्नेहसंमेलन यांच्याच अंगाने करतो. मुलाचे मन शाळेत रमावे म्हणून हेच उपक्रम जाणीवपूर्वक कसे योजावेत, हे आपल्या भागातील शिक्षकांसाठी आणि शाळा सुधारणा समितीवरील पालकांसाठी येथे मांडत आहे.

मन रमले म्हणजे नेमके काय झाले?

‘मुलांचे शाळेत लक्षच नाही’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत रोज ऐकू येते, परंतु लक्ष नाही म्हणजे काय नाही, हे आपण क्वचितच तपासतो. २००४ साली जेनिफर फ्रेड्रिक्स, फिलिस ब्लुमेनफेल्ड आणि ॲलिसन पॅरिस या अमेरिकी संशोधकांनी या विषयावरील अभ्यासांचा आढावा घेऊन शाळेशी असलेल्या जवळिकीचे तीन पदर सांगितले. पहिला वर्तनाचा: मूल येते का, गृहपाठ करते का, वर्गात भाग घेते का. दुसरा भावनेचा: ही शाळा आपली आहे, येथे आपल्याला कोणी ओळखते, असे त्याला वाटते का. तिसरा विचाराचा: अवघड गोष्ट समोर आली की ते डोके लावते, की उत्तर उतरवून मोकळे होते. हे तीन पदर वेगळे ओळखता आले, तर कोणत्या मुलाला कोणता उपक्रम द्यायचा याचा निम्मा निर्णय तेथेच होतो. रोज येणारी, वही नेटकी ठेवणारी, पण वर्षभर कोणाशी न बोलणारी मुलगी पहिल्या पदरात उत्तीर्ण असते आणि दुसऱ्यात पार मागे असते. हजेरीपट तिच्याबद्दल काहीच सांगत नाही.

दिवाळीत आपल्याकडे गल्लोगल्ली किल्ले उभे राहतात, तेव्हा हे तिन्ही पदर एकत्र पाहायला मिळतात. गणिताचे एक पान पुरे करताना कंटाळणारा मुलगा आठ दिवस तांबडी माती चाळतो, दगडांवर गोणपाट पसरून उतार धरतो, बुरुजांची उंची दोऱ्याने मोजतो आणि हिरवळ नेमक्या दिवशी उगवावी म्हणून मोहरी कधी पेरायची याचा हिशेब उलटा मांडतो. त्याला कोणी गुण देत नाही. रीड लार्सन यांनी २००० साली याच अनुभवाची मांडणी केली होती. किशोरवयीन मुले वर्गात असताना एकाग्र असतात, पण त्यांना मनापासून तेथे असावेसे वाटत नाही. मित्रांबरोबर असताना मन असते, पण एकाग्रता नसते. आणि खेळ, कला, छंद अशा स्वतः निवडलेल्या, पण शिस्तीने चालणाऱ्या उपक्रमात ही दोन्ही एकत्र येतात. शाळेला हवी असलेली अवस्था नेमकी हीच आहे.

सुरुवात हजेरीपटापासून करावी

उपक्रम ठरवण्याआधी ‘कोणाला काय येते’ हे विचारू नये. तसे विचारले की तेच पाच-सहा हात वर येतात: वक्तृत्वातील मुलगी, कबड्डीतील उंच मुलगा, ज्यांची नावे दरवर्षी प्रतिभा कारंजीच्या, म्हणजे राज्यातील शालेय कलास्पर्धांच्या, यादीत असतात ती मुले. त्याऐवजी मागील वर्षाचा हजेरीपट घ्यावा आणि वर्गातील प्रत्येक नावापुढे तीन खुणा कराव्यात: महिन्यात सरासरी किती दिवस गैरहजर, गेल्या वर्षी कोणत्याही उपक्रमात होता की नाही, आणि वर्गात स्वतःहून बोलतो की नाही. जी नावे तिन्ही ठिकाणी मागे पडतात, ती वेगळ्या कागदावर लिहावीत. चाळीसच्या वर्गात अशी सात-आठ नावे निघतात, असा माझा अनुभव आहे. उपक्रमाची आखणी या कागदापासून सुरू झाली पाहिजे.

हा आग्रह भावनेपोटी नाही, त्याला आधार आहे. जोसेफ महोनी आणि रॉबर्ट केर्न्स यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९२ अमेरिकी मुलांचा सातवीपासून बारावीपर्यंत मागोवा घेतला होता. ज्या मुलांची शाळा अर्ध्यावर सुटण्याची शक्यता सर्वाधिक होती, त्यांच्यापैकी जी उपक्रमांत होती त्यांच्यात गळतीचे प्रमाण ठळकपणे कमी आढळले. आधीच चांगले चाललेल्या मुलांमध्ये एवढा फरक दिसला नाही. म्हणजे ज्याला सर्वाधिक लाभ व्हायचा, त्यालाच आपण ‘आधी अभ्यास सुधार, मग खेळायला ये’ असे सांगून बाहेर ठेवतो. हे वाक्य मीही पूर्वी उच्चारले आहे आणि ते आता मला चुकीचे वाटते.

आपल्याकडे नववीचा वर्ग विशेष जपावा लागतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत असते. त्यानंतर मूल घरी बसले तर विचारणारा बहुतेक वेळा शाळेतला शिक्षकच उरतो. आठवीत शाळा नवी असते, दहावीत परीक्षेचा धाक असतो. मधल्या नववीत मूल हळूहळू शेताकडे, गॅरेजकडे किंवा नुसतेच कट्ट्याकडे सरकते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

उपक्रम आणि कार्यक्रम यांत फरक करावा

स्नेहसंमेलन हा कार्यक्रम आहे, क्रीडास्पर्धा हाही कार्यक्रमच. तीन आठवडे धावपळ होते, तास बुडतात, एक संध्याकाळ गाजते आणि दुसऱ्या दिवशी सगळे पूर्वपदावर येते. मुलाला शाळेशी बांधून ठेवतो तो दर आठवड्याला, ठरल्या वेळी, त्याच माणसांबरोबर आणि वर्षभर चालणारा उपक्रम. निवडताना मी चार गोष्टी पाहतो. तो आठवड्यातून किमान एकदा होतो का, त्यात दहा-बारा वेगवेगळी कामे निघतात का, त्यातून डोळ्यांना दिसणारे काही तयार होते का, आणि निवड चाचणीशिवाय कोणालाही त्यात येता येते का. यातील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिचे मोल मी एका चुकीतून शिकलो.

एका वर्षी समूहनृत्यासाठी मी स्वतः मुली निवडल्या. सोळा जणी आल्या होत्या, मंचावर बाराच मावत होत्या, म्हणून चौघींना ‘पुढच्या वर्षी बघू’ असे सांगितले. त्यांच्यातील एक मुलगी दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही आली नाही. आठवड्याने आली तेव्हा तिने आईला सांगून सरावासाठी शिवून घेतलेला परकर पिशवीत घडी करून आणला होता आणि तो दुसऱ्या मुलीला वापरायला दिला. तिने तक्रार केली नाही. वर्षअखेरपर्यंत ती वर्गात पुन्हा स्वतःहून बोललीही नाही. चौघींसाठी पडदा, वेशभूषा, निवेदन यांपैकी काहीही काढता आले असते. मला ते त्या दिवशी सुचले नाही. तेव्हापासून आमच्या वर्गाच्या कोणत्याही उपक्रमात येणाऱ्याला परत पाठवायचे नाही, हा नियम मी पाळतो. जागा कमी असेल तर कामे वाढवावीत.

पर्जन्यमापकाचा उपक्रम: एक पूर्ण उदाहरण

जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात आणि एकूणच खानापूरच्या पश्चिम भागात पावसाळा हाच आपला मोठा शेजारी आहे. त्यामुळे जूनमध्ये सुरू करायला पर्जन्यमापकासारखा दुसरा उपक्रम नाही. मैदान चिखलात असते, खेळ बंद असतात, आणि यासाठी खर्च जवळजवळ शून्य येतो.

सरळ उभ्या बाजूंची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यावी आणि मानेखाली, जेथे ती पूर्ण रुंदीची होते, तेथे कापावी. कापलेला वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवावा. बाटलीचा तळ खाचखळग्यांचा असतो, म्हणून तळाशी खडे घालून सरळ भाग सुरू होतो तेथपर्यंत पाणी भरावे आणि त्या पातळीवर शून्याची खूण करावी. त्या खुणेपासून वर मिलिमीटरची पट्टी बाहेरून चिकटवावी आणि तिच्यावर पारदर्शक टेप लावावी. बाटली झाडापासून व भिंतीपासून दूर, उघड्यावर, विटांच्या आधाराने उभी करावी. वाचन रोज सकाळी ८:३० वाजता घ्यावे, कारण भारतीय हवामान विभागही दिवसाचा पाऊस त्याच वेळी मोजतो. त्यामुळे आपला आकडा वर्तमानपत्रात येणाऱ्या तालुक्याच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. वाचन झाल्यावर पाणी पुन्हा शून्याच्या खुणेपर्यंत आणावे. आषाढातल्या मोठ्या पावसात बाटली एका दिवसात भरू शकते, म्हणून त्या दिवसांत संध्याकाळीही वाचन घेऊन दोन्हींची बेरीज करावी.

आता कामे मोजावीत. वाचन घेणारे दोघे, कारण एकाने वाचलेला आकडा दुसऱ्याने पडताळायचा असतो. फळ्यावर लिहिणारा एक. वहीत नोंद करणारी एक. आठवड्याचा स्तंभालेख काढणाऱ्या दोघी. बाटली साफ करणारा आणि कचरा-पालापाचोळा काढणारा एक. रविवारी वाचन घेण्यासाठी शाळेजवळ राहणारा एक. वर्तमानपत्रातील आकडा आणणारा एक. शनिवारी प्रार्थनेच्या वेळी आठवड्याचा पाऊस मराठीतून आणि कन्नडमधून वाचून दाखवणारे दोघे. कन्नड ही बहुतेकांची तिसरी भाषा. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपलीकडे ती बोलण्याची वेळ मुलांवर शाळेत येत नाही आणि म्हणून भीती राहते. तीन ओळींचे निवेदन दर शनिवारी करून पाहिलेला मुलगा पुढे बसस्थानकावर किंवा तहसील कचेरीत तोंड उघडायला घाबरत नाही. अकरा मुलांना अकरा कामे मिळाली आणि यातील एकाही कामासाठी निवड चाचणी लागली नाही.

वेगळ्या कागदावरील सात-आठ नावे यात पेरायची आहेत, पण ती ‘कच्च्या मुलांची टोळी’ वाटता कामा नये. वाचनाच्या जोडीत एक नाव त्या कागदावरचे असावे, दुसरे नसावे. सर्वांत अनियमित मुलाला असे काम द्यावे, जे त्याच्या गैरहजेरीत फळ्यावर रिकामी चौकट म्हणून दिसेल. माझ्या वर्गातील एक मुलगा आठवड्यातून दोनदा दांडी मारत असे. त्याच्याकडे फळा दिल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात तो अंगात ताप असताना आला, आकडा लिहिला आणि मग घरी जाऊ का म्हणून विचारले. मी त्याला ताबडतोब घरी पाठवले, पण त्या दिवशी त्याने काढलेला ६४ हा आकडा मी संध्याकाळपर्यंत पुसू दिला नाही.

विचाराचा पदर येथे आपोआप जोडला जातो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर जमिनीवर २० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद जागा झाकत असेल, तर ५० मिलिमीटरच्या एका दिवसात त्यावर ८,००० लिटर पाणी पडते. हे पाणी कोठे जाते, मार्च-एप्रिलमध्ये शाळेला पाणी का विकत आणावे लागते, असे प्रश्न मुलेच विचारू लागतात. भूगोल, गणित आणि विज्ञान यांचे शिक्षक एकत्र बसले तर हीच वही त्यांच्या घटक चाचण्यांमधील प्रकल्पासाठीही वापरता येते.

वेळ कोठून काढावी

आपल्या भागात शाळा सुटल्यावर उपक्रम ठेवणे म्हणजे अर्ध्या मुलांना वगळणे होय. शेवटची बस चुकली तर जंगलपट्ट्यातील मुलांना चालत जाणे धोक्याचे असते. कर्नाटक सरकारच्या ‘शक्ती’ योजनेमुळे जून २०२३ पासून मुलींना राज्य परिवहनाच्या बसमध्ये तिकीट लागत नाही, ही मोठी सोय झाली. पण तिकीट नसले तरी बस वेळेवर असावी लागते आणि अंधार पडण्याआधी घरी पोहोचावे लागते. म्हणून आठवड्यातील एक तास वेळापत्रकातच धरावा. शनिवारी सकाळच्या शाळेतील शेवटचा तास मला सर्वांत योग्य वाटतो. मुख्याध्यापकांकडून तो लेखी मंजूर करून घ्यावा, नाहीतर ऑगस्ट उजाडला की तो तास अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी जातो.

मुलींच्या बाबतीत पालकांना एकदा शाळेत बोलावून प्रत्यक्ष काम दाखवावे. ‘मुलगी शाळेत थांबते’ यापेक्षा ‘मुलगी पावसाची वही लिहिते’ हे आईच्या मनात लवकर उतरते.

पाऊस संपल्यावर

दसऱ्याच्या सुट्टीनंतर मैदान वाळते. तेव्हा खो-खो आणि लेझीम सुरू करावे. लेझीमला संख्या लागते, त्यामुळे कोणालाही वगळावे लागत नाही. शिवाय त्यात हलगी वाजवणारे, ताल मोजणारे, कड्या तपासून तेल लावणारे आणि साहित्याची मोजणी ठेवणारे असे निराळे हात लागतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी अशा गावांत थंडीच्या दिवसांत मराठी साहित्य संमेलने भरतात आणि ग्रंथदिंडी निघते. अशा दिंडीपुढे आपल्या शाळेचे पथक चालणार असेल, तर आठवड्याच्या सरावाला एक ठरलेला दिवस मिळतो. ज्यांना नाचायचे नाही त्यांनी संमेलनाचा वृत्तान्त भित्तिपत्रकासाठी लिहावा. भित्तिपत्रक महिन्यातून एकदाच काढावे. दर आठवड्याला काढायला गेले की ते दोन हुशार मुलींच्या अंगावर पडते.

दहावीचे काय करावे

एसएसएलसीचे वर्ष आले की ६२५ गुणांपलीकडे काही दिसेनासे होते आणि पालकच म्हणतात, ‘सर, यंदा सगळे बंद करा.’ पूर्ण बंद करू नये, कमी करावे. दहावीच्या मुलांकडे नवे काम देऊ नये. त्यांनी डिसेंबरपर्यंत नववीच्या मुलांना शिकवण्यापुरते, आठवड्यातून अर्धा तास यावे. शाळेशी ज्याचे नाते केवळ उपक्रमामुळे टिकले आहे, त्याचा उपक्रम दहावीच्या जूनमध्ये काढून घेतला तर त्याच्यापाशी परीक्षेची भीती तेवढी उरते.

अतिरेकाची भीती मात्र अनाठायी नाही. एकच मुलगी वक्तृत्व, कबड्डी, गायन आणि भित्तिपत्रक या चारही ठिकाणी असते, कारण प्रत्येक शिक्षकाला तीच हवी असते. एका मुलाला एका वेळी दोनपेक्षा अधिक उपक्रम नकोत, असे शिक्षकांच्या बैठकीत ठरवून घ्यावे. त्यामुळे तिच्यावरचा भार हलका होतो आणि दुसऱ्या दोघींना जागा मिळते.

फरक पडला की नाही, हे कसे ओळखावे

येथे प्रामाणिक राहणे आवश्यक आहे. उपक्रमातील मुलांची हजेरी इतरांपेक्षा चांगली दिसली, तर तो उपक्रमाचाच परिणाम असे म्हणता येत नाही, कारण मुळातच उत्साही असलेली मुले उपक्रमात आधी येतात. म्हणून एका मुलाची तुलना दुसऱ्याशी न करता त्याच मुलाच्या मागील वर्षाशी करावी, आणि तीही त्याच महिन्याशी. जुलैमध्ये रोप लागवड असते, सुगीत घरचे सगळे शेतात असतात, निपाणी-चिकोडीकडे ऊसतोडणीचा हंगाम असतो. जूनची हजेरी जुलैशी ताडून पाहिली तर उपक्रम फसला असे खोटेच वाटेल. जुलै जुलैशी आणि नोव्हेंबर नोव्हेंबरशी ताडावा.

भावनेच्या पदरासाठी मी सप्टेंबरमध्ये आणि पुन्हा फेब्रुवारीत एका चिठ्ठीवर दोनच प्रश्न देतो, नाव लिहायला सांगत नाही. ‘तू आठवडाभर आला नाहीस, तर शाळेत कोणाच्या लक्षात येईल?’ आणि ‘या शाळेतले कोणते काम तुझे आहे?’ पहिल्या वर्षी दुसऱ्या प्रश्नाखाली बऱ्याच चिठ्ठ्या कोऱ्या आल्या होत्या. कोऱ्या चिठ्ठ्या मोजाव्यात आणि पुढच्या खेपेला तेवढी नवी कामे काढावीत.

मार्चमध्ये परीक्षेआधी कामांचे हस्तांतर करावे. नववीच्या मुलाने आठवीच्या मुलाला आठ दिवस सोबत घेऊन वाचन कसे घ्यायचे, नोंद कशी करायची, कपाटाचे कुलूप कोणत्या बाजूला दाबले की उघडते, हे सगळे दाखवावे आणि वहीच्या शेवटच्या पानावर दोघांनी सह्या कराव्यात. मे अखेरीस शाळा उघडते तेव्हा त्या पानावरचे दुसरे नाव पुकारून चावी त्याच्या हातात द्यावी.